युरोपात गूळ पावडर, चिक्की आणि चिपाडाचे तंतू पाठवायचे आहेत. तिथल्या अन्नकायद्याची तयारी कुठून सुरू करावी?

प्रश्न : पंचगंगाकाठ (कोल्हापूर)

नमस्कार. करवीर तालुक्यात आमच्या कुटुंबाचे गुऱ्हाळ आहे. रव्यांबरोबर (गुळाच्या ढेपांबरोबर) आता आम्ही दाणेदार गूळ पावडर आणि बाटलीबंद काकवीही तयार करतो. मार्केट यार्डातल्या सौद्यात रव्याला जो दर मिळतो, त्यावर पुढच्या पिढीने गुऱ्हाळ चालवणे अवघड आहे, म्हणून निर्यातीचा विचार सुरू केला. नेदरलँड्समधील एका आयातदाराने नमुने मागवले आणि ते त्यांना पसंत पडले. त्यानंतर त्यांनी जे पत्र पाठवले, त्यातील निम्म्या गोष्टींचा उलगडा आम्हाला झालेला नाही.

आमच्या डोक्यात तीन उत्पादने आहेत. पहिली गूळ पावडर. दुसरी तीळ, शेंगदाणे आणि नाचणीची चिक्की, ज्यात चवीसाठी थोडे साजूक तूप असते. तिसरे उत्पादन आमच्यासाठी नवे आहे : रस काढून उरलेले चिपाड धुऊन, त्यावर प्रक्रिया करून बारीक तंतुमय पावडर करायची आणि ती बेकरीवाल्यांना पिठात मिसळण्यासाठी द्यायची. या यंत्रासाठी दरपत्रक आले आहे आणि बँकेकडे कर्जाचा प्रस्तावही तयार आहे.

आयातदार विचारतात की तिन्ही उत्पादनांचा ‘नॉव्हेल फूड’ दर्जा काय, कीटकनाशक अवशेषांचे अहवाल कुठे आहेत, प्रत्येक पाकिटाचा माग शेतापर्यंत लागतो का आणि लेबलचा मसुदा कसा आहे. लेबलवर ‘लोहयुक्त’, ‘रक्तवाढीस उपयुक्त’, ‘साखर न घालता’, ‘रसायनमुक्त’ आणि ‘सेंद्रिय’ असे लिहिण्याचा आमचा विचार होता. आमच्याकडे अन्न सुरक्षा परवाना आणि अपेडाची (कृषी निर्यातीसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेची) नोंदणी आहे. या विषयात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : अन्ननियमन_पुणे

नमस्कार दादा. मूळचा गडहिंग्लजचा आहे आणि निर्यातदारांसाठी नियमांची कागदपत्रे तयार करणे हेच माझे काम आहे. सर्वप्रथम एक विनंती करतो : चिपाडाच्या यंत्राचे कर्ज सध्या थांबवा. असे का म्हणतो, ते पुढे सविस्तर लिहिले आहे.

युरोपीय संघाच्या अन्नकायद्याचा पाया म्हणजे २००२ चा नियम १७८. बाजारात येणारे अन्न सुरक्षित असण्याची जबाबदारी त्याने सरकारी तपासनिसावर न टाकता, ते अन्न बाजारात आणणाऱ्या व्यावसायिकावर टाकली आहे आणि बाहेरून येणाऱ्या मालालाही तेच नियम लावले आहेत. त्यामुळे तुमचा आयातदार लांबलचक पत्र लिहितो, यात संशयाचा भाग नाही. माल त्याच्या गोदामात पोहोचला की कायद्यापुढे तो उभा राहतो, तुम्ही नाही. त्याला आपला माणूस समजून त्याच्यासोबत बसूनच ही कागदपत्रे करावीत, असे माझे ठाम मत आहे.

आता नॉव्हेल फूडविषयी, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ‘नव्या’ ठरणाऱ्या अन्नाविषयी. २०१५ चा नियम २२८३ हा १ जानेवारी २०१८ पासून लागू आहे. त्याची कसोटी एका तारखेवर उभी आहे : १५ मे १९९७ पूर्वी युरोपीय संघात तो पदार्थ माणसांच्या खाण्यात लक्षणीय प्रमाणात होता का? होता, तर पूर्वपरवानगीची गरज नाही. नव्हता आणि नियमात दिलेल्या एखाद्या प्रकारात तो बसत असेल, तर परवानगीशिवाय विकता येत नाही. आपल्याकडे तो पदार्थ किती जुना आहे, हा पहिला प्रश्न नसतो. तो दुसऱ्या टप्प्यावर येतो.

गूळ, तीळ, शेंगदाणे आणि नाचणी या बाबतीत मला अडचण दिसत नाही. तरीही आयातदाराकडून तिथल्या जुन्या विक्रीचा एखादा लेखी पुरावा फाइलमध्ये ठेवावा. चिपाडाच्या तंतूंची गोष्ट वेगळी आहे. ऊस आपण चघळतो आणि चोथा थुंकून टाकतो, म्हणजे चोथा हा आपल्याही आहाराचा भाग नव्हता. शिवाय कायदा कच्च्या मालाबरोबर प्रक्रियाही पाहतो. १९९७ पूर्वी वापरात नसलेल्या पद्धतीमुळे पदार्थाची रचना लक्षणीय बदलली आणि त्याचा परिणाम पोषणमूल्यावर, शरीरातील पचनावर किंवा नको असलेल्या घटकांवर होत असेल, तर ओळखीचा पदार्थही नवा ठरतो. याचे चांगले उदाहरण मुगाचे आहे. मूग युरोपात खाल्ले जातात, पण मुगातून वेगळे काढलेले प्रथिन मात्र नवे अन्न मानले गेले आणि त्याला २०२२ मध्ये स्वतंत्र मंजुरी घ्यावी लागली. मूग आणि मुगाचे प्रथिन यांत कायद्याने जो फरक केला, तोच फरक ऊस आणि उसाचे तंतू यांत होऊ शकतो, हे धरूनच तुम्ही चालायला हवे.

दर्जाविषयी शंका असेल तर अंदाजावर राहू नये. युरोपीय आयोगाची या दर्जाची एक जाहीर सूची आहे. ती आधी पाहावी. ती कायद्याने बंधनकारक नसली, तरी तपासनीस तिच्याकडे पाहतात. तिथे तुमचा पदार्थ नेमक्या त्याच स्वरूपात सापडला नाही, तर २०१८ च्या नियम ४५६ नुसार ज्या देशात माल प्रथम विकायचा आहे, तिथल्या सक्षम प्राधिकरणाकडे लेखी विचारणा करता येते. विचारणा पूर्ण आणि ग्राह्य ठरल्यापासून चार महिन्यांत त्यांनी निर्णय द्यायचा असतो. कारण देऊन ही मुदत वाढवताही येते. ही विचारणा आयातदाराच्या नावाने करणे सोयीचे पडेल. विचारणेसोबत कच्चा माल, धुण्यासाठी वापरलेली रसायने, तापमान, कणांचा आकार, रासायनिक घटकांचे पृथक्करण आणि किती टक्के मिसळायचे, हे सगळे द्यावे लागते. पद्धत ठरल्याशिवाय विचारणा करता येत नाही आणि उत्तर आल्याशिवाय यंत्र घेण्यात अर्थ नाही. प्रयोगशाळेच्या पातळीवर थोडी पावडर करून पृथक्करण करून घ्या, एवढाच खर्च आज योग्य आहे.

उत्तर ‘नवे अन्न’ असे आले, तर दोन वाटा उरतात. पहिली वाट तिसऱ्या देशातील पारंपरिक अन्नाची. युरोपबाहेरच्या किमान एका देशात लक्षणीय संख्येने लोक तो पदार्थ नेहमीच्या आहारात किमान २५ वर्षे सुरक्षितपणे खात आले आहेत, हे दाखवता आले, तर अर्जाऐवजी सूचना देता येते. ग्राह्य सूचना सदस्य देशांकडे आणि युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे गेल्यावर चार महिन्यांत कोणी सुरक्षेविषयी सकारण हरकत घेतली नाही, तर पदार्थाला परवानगी मिळते. पश्चिम आफ्रिकेतील फोनिओ हे धान्य आणि ज्वारीच्या ताटांच्या रसाची काकवी याच वाटेने यादीत गेले. आपल्या मातीतल्या अनेक पदार्थांसाठी ही वाट खुली आहे आणि महाराष्ट्रातून तिच्याकडे फार कमी लक्ष दिले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. मात्र चिपाडाच्या पावडरीला ती चालणार नाही, कारण खाण्याचा इतिहासच नाही.

दुसरी वाट पूर्ण अर्जाची. आयोग अर्जासाठी शुल्क घेत नाही. खर्च येतो तो अभ्यासांचा. अर्ज ग्राह्य ठरल्यावर प्राधिकरणाला मत देण्यासाठी नऊ महिने असतात, पण त्यांनी जादा माहिती मागितली की ती मिळेपर्यंत घड्याळ थांबते, त्यामुळे प्रत्यक्षात काळ बराच लांबतो. आणि एक बाब अनेकांच्या लक्षातच येत नाही : २७ मार्च २०२१ पासून, अर्जाला आधार म्हणून करवून घेतलेला प्रत्येक अभ्यास सुरू करण्यापूर्वी प्राधिकरणाकडे नोंदवावा लागतो. आधी अभ्यास आणि मग नोंद असे केले, तर समाधानकारक कारण दिल्याशिवाय अर्जच ग्राह्य धरला जात नाही. अर्जापूर्वी प्राधिकरणाचे कर्मचारी नियमांविषयी सर्वसाधारण सल्ला विनामूल्य देतात. तो अवश्य घ्यावा.

उत्तर २ : प्रयोगशाळा_सांगली

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी अन्न तपासणीच्या क्षेत्रात आहे, म्हणून फक्त तपासण्यांपुरते लिहिते.

पावडरीबाबत पहिला प्रश्न हायड्रोसचा. रंग उजळ यावा म्हणून आपल्या भागात काहिलीत (रस आटवण्याच्या मोठ्या कढईत) सोडियम हायड्रोसल्फाइट टाकण्याची सवय अजून आहे, आणि पिवळ्या धमक गुळाला सौद्यात जास्त दर मिळतो, तोवर ती सुटणे कठीण आहे. हे रसायन युरोपच्या मान्य अन्नमिश्रकांच्या यादीत नाही. शिवाय अंतिम मालात गंधकाच्या डायऑक्साइडचे प्रमाण किलोला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल, तर सल्फाइट हा ॲलर्जीकारक घटक म्हणून लेबलवर ठळकपणे द्यावा लागतो. तुम्ही स्वतः हायड्रोस वापरत नसाल, तरी ज्या गुऱ्हाळावरून जादा माल घेता, तिथे काय वापरतात, हे लेखी घ्या. रानभेंडीच्या रसाने मळी काढलेला, थोडा गडद गूळ पाठवा. आयातदाराला पिवळ्या रंगाचे वेड नाही. त्याला दरवेळी एकसारखा माल हवा असतो.

दुसरा प्रश्न कीटकनाशकांच्या अवशेषांचा. २००५ चा नियम ३९६ सांगतो की एखाद्या रसायनासाठी वेगळी मर्यादा दिलेली नसेल, तर किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा धरावी. ऊस लावणीच्या वेळी वाळवीसाठी क्लोरपायरीफॉस आणि तणासाठी अ‍ॅट्राझिन वापरल्याचे शेतकरी सहज सांगतात. युरोपात या दोन्हींना मंजुरी नाही. क्लोरपायरीफॉसची मंजुरी तिथे २०२० मध्ये संपली आणि त्याची मर्यादाही खाली आणली गेली. कायद्यातील मर्यादा कच्च्या उसासाठी असते आणि आपण गूळ पाठवतो, म्हणून रस आटताना अवशेष किती घट्ट होतात किंवा उकळण्यात किती नष्ट होतात, याचा गुणक काढून हिशेब करावा लागतो. तो गुणक कशावरून काढला, हे दाखवता आले पाहिजे. कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांशी बोलून ऊस पुरवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी फवारणीचे वेळापत्रक ठरवून घेतले, तर तपासणीच्या अहवालाची धास्ती उरणार नाही.

आता चिक्की, आणि इथे मला खरी काळजी वाटते. शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीजन्य विष असते. थेट खाण्याच्या शेंगदाण्यासाठी युरोपची मर्यादा अफ्लाटॉक्सिन बी-१ साठी किलोला २ मायक्रोग्रॅम आणि एकूण अफ्लाटॉक्सिनसाठी ४ मायक्रोग्रॅम आहे. भारतातून जाणारे शेंगदाणे २०१९ च्या नियम १७९३ खाली जादा तपासणीच्या यादीत आहेत आणि मिश्र पदार्थात अशा यादीतल्या मालाचे प्रमाण २० टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर तो पदार्थही त्याच नियमात येतो. म्हणजे भरपूर शेंगदाण्याच्या चिक्कीला अधिकृत प्रमाणपत्र, तपासणी अहवाल आणि सीमेवरची आगाऊ नोंद हे सगळे लागते. ही यादी ठरावीक काळाने बदलते, म्हणून माल भरण्याच्या आठवड्यात पुन्हा तपासावी. तिळाच्या बाबतीत २०२० मध्ये भारतीय तिळात इथिलीन ऑक्साइड सापडल्याने युरोपभर माल परत बोलावला गेला. जंतुनाशनासाठी काही ठिकाणी हा वायू वापरतात. सुंठ, वेलदोडे असे मसाले घालणार असाल, तर त्यांच्या पुरवठादाराकडूनही हा वायू वापरला नसल्याचे पत्र आणि तपासणी अहवाल घ्या.

आणि तूप काढून टाका. वनस्पतिजन्य पदार्थात प्रक्रिया केलेला प्राणिजन्य घटक मिसळला की युरोपच्या दृष्टीने तो संमिश्र पदार्थ होतो आणि त्यातले तूप युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रकल्पातूनच आलेले असावे लागते. एक चमचा तुपासाठी वेगळ्या कायद्याचे ओझे घेणे शहाणपणाचे नाही. भाजलेल्या तिळाला स्वतःचे तेल पुरेसे असते.

उत्तर ३ : गुळव्याचा_नातू (पन्हाळा)

मालाचा माग ठेवण्याविषयी माझ्या अनुभवातून सांगतो. कायदा किमान एवढे मागतो की माल कोणाकडून घेतला आणि कोणाला दिला, हे प्रत्येकाला सांगता यावे. आपल्या गुऱ्हाळावर याची नैसर्गिक एकके आधीच आहेत. प्रत्येक आधणाला, म्हणजे काहिलीत एका वेळी आटवलेल्या रसाच्या घाण्याला, क्रमांक द्यावा. त्या आधणात कोणत्या शेतकऱ्याचा, कोणत्या गट नंबरचा, कोणत्या जातीचा ऊस गेला, तोड कधी झाली, काहिलीत काय टाकले आणि वाफ्यात कधी ओतले, हे गुळव्याजवळ (गूळ करणाऱ्या कारागिराजवळ) भिंतीला टांगलेल्या वहीत त्याच वेळी लिहावे. दोन-तीन आधणे एकत्र दळून पावडर केली, तर पाकिटाच्या बॅच क्रमांकाखाली त्या सर्व आधणांचे क्रमांक यावेत. रात्री आठवून लिहिलेली वही आयातदाराचा तपासनीस पाच मिनिटांत ओळखतो.

आयात शुल्काचाही विचार करा. गूळ पावडर सीमाशुल्काच्या १७०१ या उसाच्या साखरेच्या गटात गेली, तर शुद्धीकरणासाठी नसलेल्या कच्च्या साखरेचा सर्वसाधारण दर १०० किलोला ४१.९ युरो आहे. हा दर किमतीवर नसून वजनावर आहे, म्हणून स्वस्त मालाला तो फार जड जातो आणि महाग, निवडक मालाला पेलतो. आयातदाराला तिथल्या सीमाशुल्क खात्याकडून बंधनकारक वर्गीकरणाचा निर्णय मागता येतो आणि तो तीन वर्षे चालतो. चिक्कीचा गट वेगळा असल्याने तिचेही विचारून घ्यावे. व्यापार करारांमुळे दर बदलू शकतात, पण वर्गीकरण पक्के असेल तर हिशेब लगेच करता येतो.

पंचगंगाकाठ (प्रश्नकर्ता)

तिघांचेही मनापासून आभार. घरात चर्चा करून कर्जाचा प्रस्ताव थांबवला आहे. चिक्कीतून तूप काढण्यास आईची हरकत होती, पण बिनतुपाची चिक्की करून पाहिल्यावर ती तयार झाली. शेंगदाणे कमी करून नाचणी आणि तीळ वाढवावेत, असे ठरते आहे. आता लेबलविषयी विचारतो. वर लिहिलेल्या पाच दाव्यांपैकी कोणते टिकतील? आमच्या गुळात लोह आहे, हे तर खरेच आहे ना? आणि ‘कोल्हापुरी गूळ’ हे नाव आम्ही तिथे वापरू शकतो का?

उत्तर ४ : अन्ननियमन_पुणे

दादा, दाव्यांच्या बाबतीत युरोपचा नियम असा की एखादी गोष्ट खरी असणे पुरेसे नाही. ती मान्य यादीत असावी लागते आणि तिच्या अटी तुमच्या मालाने पूर्ण कराव्या लागतात. हा २००६ चा नियम १९२४ आहे.

‘लोहाचा स्रोत’ असे लिहिण्यासाठी १०० ग्रॅम मालात संदर्भ मूल्याच्या (रोजच्या गरजेसाठी कायद्याने धरलेल्या प्रमाणाच्या) किमान १५ टक्के लोह हवे. संदर्भ मूल्य १४ मिलिग्रॅम आहे, म्हणजे किमान २.१ मिलिग्रॅम. गुळातले लोह काही उसातून आणि काही लोखंडी काहिलीतून येते, त्यामुळे आधणागणिक ते बदलते. एका चांगल्या अहवालावर हा दावा उभा करू नये. हंगामाच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या आधणांचे अहवाल घेऊन सर्वांत कमी आकडा जर या मर्यादेच्या वर राहिला, तरच लिहावे. तो राहिला, तर २०१२ च्या नियम ४३२ मधील मान्य वाक्य वापरता येते, ज्याचा आशय असा आहे की लोह हे लाल रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन यांच्या सामान्य निर्मितीस हातभार लावते. इथे श्रेय लोहाला जाते, गुळाला नाही. ‘रक्तवाढीस उपयुक्त’ किंवा ‘अशक्तपणावर गुणकारी’ असे लिहिले की ते रोगावरील उपचाराच्या दाव्याकडे झुकते आणि अन्नाच्या लेबलवर अशा दाव्याला बंदी आहे. माझे व्यक्तिगत मत विचाराल, तर ज्या पदार्थाचा मोठा भाग साखरच आहे, त्यावर आरोग्याचा दावा करूच नये. कायद्याने अशा पदार्थांना दाव्यापासून रोखणारे पोषणाचे निकष २००९ पर्यंत ठरवायचे होते. ते अजून ठरलेले नाहीत, म्हणून दार उघडे आहे इतकेच. तिथल्या ग्राहकाला साखरेचा आकडा पाठीमागच्या तक्त्यात दिसतोच.

‘साखर न घालता’ हा दावा चिक्कीवर अजिबात करता येणार नाही. त्या दाव्याची अट अशी आहे की साखर तर घातलेली नसावीच, पण गोडीसाठी वापरलेला दुसरा कोणताही पदार्थही नसावा. चिक्कीत गूळ गोडीसाठीच आहे. आपल्याकडे ‘गुळाची, साखरेची नव्हे’ ही ओळख अभिमानाने लिहिली जाते, त्यामुळे या अटीवर आपले उद्योजक सर्वांत जास्त अडतात. त्याऐवजी पुढच्या बाजूस ‘उसाच्या गुळात केलेली’ असे सरळ लिहावे. ते खरे आहे आणि कोणाची दिशाभूल करत नाही.

‘रसायनमुक्त’ हा शब्द टाळावा, कारण तो सिद्ध करता येत नाही आणि इतरांच्या मालाविषयी नाहक शंका निर्माण करतो. ‘सेंद्रिय’ आणि तिथला ‘बायो’ हे शब्द २०१८ च्या नियम ८४८ ने संरक्षित आहेत. मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणन आणि प्रत्येक खेपेसाठी तपासणी प्रमाणपत्र नसेल, तर शेतात काहीही रासायनिक वापरले नसले तरी ते शब्द लिहिता येत नाहीत.

लेबलच्या बाकीच्या बाबी २०११ च्या नियम ११६९ मध्ये आहेत. नेदरलँड्ससाठी मजकूर डच भाषेत करून घ्या. तीळ आणि शेंगदाणे हे दोन्ही १४ ॲलर्जीकारक घटकांच्या यादीत आहेत. घटकांच्या यादीत ते ठळक अक्षरांत द्यावेत. एकाच कढईत दोन्ही प्रकारच्या चिक्क्या होत असतील, तर एकाचा अंश दुसऱ्यात जाण्याचा धोकाही आधी तपासून मग लिहावा. ऊर्जा किलोज्यूल आणि किलोकॅलरी दोन्हींत द्यावी. सोडियमऐवजी मीठ लिहायचे असते, म्हणजे सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणायचे. अक्षराची उंची, लहान इंग्रजी ‘एक्स’च्या मापाने, किमान १.२ मिलिमीटर हवी. तुमचा व्यवसाय संघाबाहेर असल्याने आयातदाराचे नाव आणि पत्ता लेबलवर यावाच लागतो.

नावाविषयी : कोल्हापुरी गुळाला भारतात २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते युरोपात आपोआप लागू होत नाही, त्यासाठी तिथे वेगळी नोंदणी लागते. पण तुम्ही कोल्हापुरातच गूळ करता, तेव्हा उगम म्हणून कोल्हापूर लिहिण्यास अडचण नाही. भारतात मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंद नसेल, तर ती आधी करून घ्या. तिथल्या नोंदणीचा विषय एका गुऱ्हाळाने उचलण्याचा नाही. जिल्ह्यातील उत्पादकांच्या संघटनेने तो हाती घ्यावा, आणि तसे कोणी करत असेल तर मसुदा तयार करण्याचे काम मी विनामोबदला करीन.

उत्तर ५ : प्रयोगशाळा_सांगली

लोहाच्या अहवालाविषयी एक भर घालते. नमुना काढताना पाकिटातून न काढता दळलेल्या पूर्ण ढिगाच्या वेगवेगळ्या भागांतून काढून एकत्र करा आणि नमुन्याच्या पिशवीवर आधणाचा तोच क्रमांक लिहा, जो वहीत आहे. अवशेषांची तपासणी करणारी प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त असावी आणि तिच्या मान्यतेच्या कक्षेत नेमकी तीच चाचणी, तोच पदार्थगट आणि ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत मोजण्याची क्षमता नमूद आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारा. कुठल्या दोन प्रयोगशाळांकडून दरपत्रक मागवता येईल, हे वैयक्तिक संदेशात कळवते.